सबब, समर्थन आणि 'राहून गेलं'

वाचकाचे पत्र : मी मूळचा निफाड तालुक्यातला. गेली अठरा वर्षे नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. गावची द्राक्षबाग धाकटा भाऊ पाहतो. या हंगामात बाग फुलोऱ्यात असताना पावसाची चिन्हे दिसली आणि गावच्या दुकानात केवड्याचे (द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगाचे) औषध संपलेले होते, म्हणून भावाने मला ते नाशिकहून घेऊन सकाळपर्यंत पोचायला सांगितले. मी 'येतो' म्हणालो. रात्री पाऊस झाला आणि मी पोचलो दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता. सकाळी मी त्याला 'गाडी बंद पडली' असे कळवले होते. ते खरे नव्हते. कारखान्यात ऑडिट होते आणि आदल्या संध्याकाळी दुकानात जायचे माझ्याकडून राहून गेले होते. आठवड्याने मी त्याला सगळे खरे कारण सविस्तर लिहून पाठवले. पुढे बरेच घड गेले. चंपाषष्ठीला गावी जमलो तेव्हा विषय निघाला आणि मी आईसमोर म्हणालो, की एका दिवसाने एवढा फरक पडत नाही आणि त्याने औषध आधीच आणून ठेवायला हवे होते. तो म्हणाला, "दादा, सबबी सांगितल्यास तोवर ठीक होतं, आता समर्थनही करायला लागलास?" तेव्हापासून बोलणे बंद आहे. आई म्हणते, माफी माग. मला वाटते, मी मोठा आहे, एक खुलासा केला की पुरे. पत्र लिहायला बसलो की शब्दच अडतात. सबब, कारण, खुलासा, समर्थन, माफी यांत नेमका फरक काय, आणि मी कोणता शब्द वापरू?
– एक थोरला भाऊ, नाशिक

उत्तर :

आपल्या पत्रातले सर्वांत नेमके वाक्य आपल्या धाकट्या भावाचे आहे, आणि ते आपण जसेच्या तसे उतरवून पाठवले याबद्दल आधी आपले कौतुक करतो. रागाच्या भरात माणूस शब्द तोलून वापरत नाही असे आपण धरून चालतो. पण आपल्या भावाने त्या एका वाक्यात दोन शब्दांच्या मधली जी सीमा आखली आहे, ती भल्याभल्यांना शांतपणे कागदावर आखता येत नाही. माझ्या हयातीतला बराच काळ एका न्यायालयाच्या कचेरीत भाषांतरे करण्यात गेला आणि हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत, की आपल्या भावाला मी तेथे आनंदाने शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतले असते.

ती सीमा अशी. समर्थन करणारा माणूस कृत्य आपल्या अंगावर घेतो आणि ते वाईट होते हे मात्र नाकारतो : होय, मी केले, आणि केले ते योग्यच केले. सबब सांगणारा बरोबर उलट दिशेने जातो. झाले ते वाईट झाले हे त्याला मान्य असते, पण ते आपल्या अंगावर घ्यायला, निदान पुरतेपणी घ्यायला, तो तयार नसतो : पाऊस होता, गाडी नव्हती, मला कोणी सांगितले नाही, माझ्या लक्षात आले नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली एका व्याख्यानात हाच भेद इतक्या साध्या शब्दांत मांडला, की पुढे या विषयावर लिहिणाऱ्यांना त्यापासूनच सुरुवात करावी लागली. आपल्या फौजदारी कायद्यात हे दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात शेजारी शेजारी बसलेले आहेत. कोणते कृत्य गुन्हा ठरत नाही हे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ७६ ते १०६ मध्ये सांगितलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १४ ते ४४ मध्ये आले आहे. अंगावर चालून आलेल्या माणसापासून जीव वाचवण्यासाठी हाणलेला तडाखा त्यात आहे, आणि सात वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेले कृत्यही त्यातच आहे. शिक्षा दोघांनाही नाही. पण पहिल्याला कायदा 'तुझे बरोबर होते' असे म्हणतो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'झाले ते वाईटच झाले, पण या लेकराला काय विचारायचे' असे म्हणतो.

खरे तर हे समजून घ्यायला ऑक्सफर्डपर्यंत जायची गरज नाही, पंचवटीपर्यंत गेले तरी पुरते. सीतागुंफेपाशी बाहेरगावच्या भाविकांना जी कथा दहा मिनिटांत सांगितली जाते, तिच्यातला एक प्रसंग बहुधा गाळला जातो. मारीचाला मारून राम परत येत असताना वाटेत त्याला लक्ष्मण भेटतो आणि राम विचारतो, तिला एकटीला सोडून तू का आलास? अरण्यकांडात लक्ष्मणाचे उत्तर असे आहे, की मी आपल्या इच्छेने आलो नाही. तिच्याच कठोर शब्दांनी मला येथे ढकलले. ही अस्सल सबब झाली. सीतेला सोडून येणे योग्य होते असे लक्ष्मण म्हणत नाही; त्या येण्यात आपली इच्छा नव्हती एवढेच तो सांगतो. त्याचा शब्दन् शब्द खरा आहे, वाचक म्हणून आपण त्याला साक्षी आहोत, आणि तरीही राम ते मान्य करत नाही. रागावलेल्या स्त्रीच्या बोलण्याने तू चिडलास आणि माझी आज्ञा मोडलीस, हे मला रुचले नाही, असे तो त्याला स्पष्ट सुनावतो. आता याच रामाला पुढे किष्किंधेत, बाण लागून पडलेला वाली विचारतो, की मी दुसऱ्याशी लढत असताना तू आडून का मारलेस? तेथे राम एकही सबब सांगत नाही. धाकट्या भावाच्या पत्नीचे तू हरण केलेस, त्याला हाच दंड आहे आणि तो देण्याचा मला अधिकार आहे, असे तो सांगतो. हे समर्थन. (पुढे तो 'राजे लोक मृगया करताना आडूनही मारतात, आणि तू तर वानर' असा आणखी एक मुद्दा जोडतो. तो सर्ग वाचताना मला दर वेळी वाटते, की पहिला मुद्दा पुरेसा असता तर दुसरा लागला नसता. पण यावर थोरामोठ्यांचे वाद शतकानुशतके चालू आहेत, मी त्यांत पडत नाही.)

लक्ष्मणाचा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण आपल्या पत्रात एक गाऱ्हाणे ओळींच्या आड दडलेले आहे : मी तर आठवड्याने सगळे खरे सांगितले होते, मग त्याला सबब का म्हणायचे? सबब खोटीच असते असा आपला समज दिसतो. तसे नाही. हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा मूळ अर्थ निव्वळ कारण. कचेरीच्या मराठीत त्याची ती प्रतिष्ठा अजून टिकून आहे. 'सबब, अर्जदाराचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे' असे आजही लिहिले जाते, आणि तेथे 'सबब' म्हणजे 'म्हणून', एवढेच. घरात मात्र या शब्दाची रया गेली. याचे कारण मला क्रियापदांत दिसते. कारण हे असते; कोणी सांगो न सांगो, ते जागेवर असते. सबब सांगितली जाते किंवा पुढे केली जाते, म्हणजे तिला सांगणारा लागतो, ऐकणारा लागतो आणि मुख्य म्हणजे जाब विचारला गेलेला असावा लागतो. एकच खरी गोष्ट विचारण्याआधी सांगितली तर ती कारण ठरते आणि अंगाशी आल्यावर सांगितली की सबब होते. आपले ऑडिट खरे होते. आदल्या संध्याकाळी सहा वाजता आपण भावाला फोन करून 'ऑडिट आहे, मला जमणार नाही, दुसऱ्या कोणाला पाठव' असे सांगितले असते, तर ते कारण झाले असते आणि त्याने ओझर किंवा पिंपळगावहून काहीतरी सोय पाहिली असती. आठवड्यानंतर त्याच ऑडिटची सबब झाली.

बहाणा आणि निमित्त हे सबबीचे शेजारी, पण भाऊबंद नव्हेत. बहाणा करावा लागतो, आणि तो खोटाच असतो. पोट दुखण्याचा बहाणा करून शाळा बुडवता येते, पोट खरोखर दुखत असेल तर नाही. निमित्त खरे असू शकते, पण ते मूळ हेतूपेक्षा लहान असते : बाजाराचे निमित्त करून बहीण माहेरी डोकावून जाते, तेव्हा बाजारही खरा असतो आणि पिशवीतली भाजीही. आपली बंद पडलेली गाडी यांपैकी बहाण्यात जमा होते. तिच्याविषयी मी अधिक बोलणार नाही, कारण ते खोटे होते हे आपणच लिहिले आहे. फक्त एवढे लक्षात घ्या, की पहिला शब्द खोटा निघाला की त्याच्यामागून आलेल्या खऱ्या शब्दांनाही त्याचाच वास लागतो. आपले आठवड्यानंतरचे सविस्तर पत्र त्या वासासकट वाचले गेले.

आता त्या पत्रातल्या, आणि मला लिहिलेल्या पत्रातल्याही, एका वाक्प्रयोगाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळी गाठ तेथे आहे. 'दुकानात जायचे माझ्याकडून राहून गेले.' मराठीने सबब सांगण्याची सोय थेट क्रियापदातच करून ठेवली आहे. घरात काचेचा आवाज होतो आणि स्वयंपाकघरातून पोर ओरडते, "आई, कप फुटला!" आई हातातले काम न सोडता विचारते, "फुटला की फोडलास?" व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला अकर्मक आणि सकर्मक म्हणतात, तो भेद मराठी मूल शाळेत जाण्याआधी या प्रश्नातून शिकते. मोठेपणी आपण तीच युक्ती अधिक सफाईने वापरतो. विसरायला झालं, हातून घडलं, तोंडून निघून गेलं, माझ्याने जमलं नाही, राहून गेलं. या प्रत्येक प्रयोगात कर्ता हळूच खोलीबाहेर जातो आणि घटना एकटीच उभी राहते, जणू ती आपल्या पायांनी चालत आली. 'जाणे' हे क्रियापद असे, की ते दोष आपल्याबरोबर वाहून नेते. त्याच्या उलट 'बसणे' पाहा. 'भलतंच बोलून बसलो', 'विसरून बसलो', 'नको ते करून बसलो' : येथे कर्ता पळत नाही, केलेल्या गोष्टीशेजारी तोंड पाडून बसतो. दोन्ही प्रयोग अस्सल मराठी, दोन्ही रोजच्या वापरातले. पण एकातून सबब निघते आणि दुसऱ्यातून कबुली.

हे मला कोणी भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवले नाही. नोकरीला लागून वर्ष झाले नव्हते, तेव्हा एका भाषांतरात मी तारीख चुकवली आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मी सात ओळी लिहिल्या. मूळ प्रत पुसट होती, दिवे गेले होते, काम दोघांचे एकट्यावर पडले होते. यातले सगळे खरे होते. माझ्या वरिष्ठांनी तांबडी पेन्सिल घेऊन त्यातल्या सहा ओळी खोडल्या. उरलेली ओळ होती, 'सदर तारीख चुकीची लिहिली गेली.' मग त्यांनी 'लिहिली गेली' यावरही रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'मी लिहिली' असे लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता सही करा." त्या कागदावर सही करताना जो हात जड झाला, तो मला अजून आठवतो.

आता आपल्या चंपाषष्ठीच्या वाक्याकडे येतो. 'एका दिवसाने एवढा फरक पडत नाही' आणि 'औषध आधीच आणून ठेवायला हवे होते' ही दोन वाक्ये वेगवेगळी तपासली पाहिजेत. पहिल्यात आपण चूकच नाकारलीत, म्हणून भावाने त्याला समर्थन म्हटले, आणि ते बरोबर म्हटले. शिवाय ते अशा माणसापुढे म्हटलेत ज्याला ते खोटे असल्याचे हाताला ठाऊक आहे. ओझरजवळच्या एका आप्तांच्या बागेत अशी पावसानंतरची सकाळ मी एकदा पाहिली आहे. अजून नीट उजाडलेले नव्हते. ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, टाकीत पाणी भरून ट्रॅक्टर बांधाला लावलेला होता आणि मालक ओळीतून चालताना एकेक पान उलटून मोबाइलच्या उजेडात पाहत होता. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट पिवळा डाग आणि खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसू लागली, म्हणजे केवडा आत शिरून काही दिवस झाले. औषधाचा खरा उपयोग त्याच्या आधी, पाने ओली असतानाच्या त्या थोड्या वेळात. त्या दिवशी ते आप्त तासातासाने नव्हे, पानापानाने वेळ मोजत होते. आपला भाऊ त्या सकाळी तसाच उभा असणार, फक्त त्याच्या टाकीत नुसते पाणी होते.

दुसरे वाक्य समर्थनही नव्हे आणि सबबही नव्हे. त्याला आपल्याकडे खापर फोडणे म्हणतात. त्यात तथ्य असू शकते. पावसाळी हवेत जाणता बागायतदार औषध घरात ठेवतो, हे मलाही पटते. त्या दिवशी वेळेवर फवारणी होऊनही काही घड गेले असते, हेही शक्य आहे. पण तो हिशेब वेगळ्या वहीतला आहे आणि तो मांडण्याचा अधिकार आधी आपली बाकी चुकवणाऱ्याला असतो. दिवाणी दाव्यात प्रतिवादी कैफियत देतो तेव्हा त्याला 'मी पैसे घेतलेच नाहीत. घेतले असे धरले तरी फेडले आहेत' असे एकमेकांना छेद देणारे बचावही पर्यायाने घेता येतात, आणि वकील ते निर्विकार चेहऱ्याने घेतात. घरात ही सवलत नाही. गाडी बंद पडली, ऑडिट होते, फरक पडत नाही आणि चूक तुझीच, ही चार वाक्ये महिन्याभरात एकाच तोंडून ऐकणाऱ्याला त्यांतले एकही वेगळे ऐकू येत नाही. याला सारवासारव म्हणतात. शेणाने जमीन सारवताना भेग बुजत नाही, झाकली जाते, आणि वाळली की पुन्हा त्याच जागी उमलते. ज्यांनी मातीची घरे पाहिली आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत दोन विशेषणे आहेत, जी आपल्या प्रकरणाचा निकाल मला सोपा करून देतात : समर्थनीय आणि क्षम्य. आपले वागणे समर्थनीय नव्हते. क्षम्य होते, असे मला वाटते. नोकरदार माणूस ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी एखादी गोष्ट विसरतो यात अघटित काही नाही. पण क्षम्य म्हणजे क्षमा करता येईल असे, आणि ती करणारा दुसरा असतो. आपण स्वतःच ते क्षम्य ठरवून टाकले, की समोरच्याला करायला काही उरतच नाही.

खुलासा हा शब्द मात्र मी आपल्याला वापरू देणार नाही. अरबीत त्याचा अर्थ सार, अर्क. हिंदीत तो गौप्यस्फोटाच्या जागी जातो. मराठीत त्याने कचेरीत मुक्काम केला आहे : 'कारणे दाखवा' नोटीस निघते, वरचा खालच्याकडून खुलासा मागवतो आणि 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारतो. आपण थोरले, म्हणून आपल्याला हा शब्द सोयीचा वाटला, कारण खुलाशात मान तुकवावी लागत नाही, बाजू मांडावी लागते. भावाभावांत तो नोटिशीसारखा वाजेल. स्पष्टीकरण त्यापेक्षा बरे. शाळेत आपण 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहीत होतो त्यात निदान संदर्भ आधी यायचा. पण आपल्याला स्पष्टीकरणही आज नको आहे, कारण काय घडले हे आपल्या भावाला पूर्ण ठाऊक आहे.

राहिला माफीचा शब्द. दिलगिरी आणि खेद यांना मी येथे बाहेरच ठेवतो. दिलगीर म्हणजे मन दाटून आलेला. तो शब्द फक्त बोलणाऱ्याच्या मनाविषयी सांगतो, समोरच्याचे काय देणे लागतो याविषयी काहीही नाही, आणि म्हणूनच खोदलेल्या रस्त्याच्या कडेला 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे लिहून खुशाल निघून जाता येते. खेद तर त्याहून कोरडा. माफी वेगळी. माफी मागताना आधी देणे कबूल करावे लागते. आपल्या भावासारख्या शेतकऱ्याच्या कानाला हा अर्थ पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. सारामाफी, कर्जमाफी हे शब्द त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शेतकरी चळवळीतली माणसे 'कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा, आम्ही गुन्हा केलेला नाही' असा आग्रह धरीत आली ती याचसाठी, आणि राज्य शासनाच्या २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेच्या नावातही 'कर्जमुक्ती' हाच शब्द आहे. माफी म्हटले की दोष आला, हे ज्याला इतके बारकाईने कळते, त्याच्याकडे आपण माफी मागाल तेव्हा त्याला आपण काय दिले हे नेमके कळेल.

'मी मोठा' या अडचणीला मी हसणार नाही. आपल्या घरांतून थोरला धाकट्याला 'माफ कर' म्हणत नाही. तो काहीतरी निमित्त काढून घरी येतो, बागेत चक्कर मारतो, जाताना पोरांच्या हातावर पैसे ठेवतो, आणि सगळ्यांनी ते समजून घ्यायचे असते. पुष्कळदा ते समजूनही घेतले जाते. येथे ते चालणार नाही, कारण आपण मोठेपण आईसमोर वापरून त्याला दोष दिला. ते आता त्याच मोठेपणाच्या आडून परत घेता येणार नाही. 'माफ कर' हे शब्द जिभेवर येत नसतील तर 'मी चुकलो' म्हणा. 'माझ्याकडून चूक झाली' नको, त्यात पुन्हा ते 'कडून' आहे. 'चुकलं माझं' हे जवळचे आहे, बोलायला गोड आहे, पण लिहिताना 'मी चुकलो' हेच लिहा. आणि आईला मध्यस्थ करू नका. तिने रदबदली केली तर तो तिच्यासाठी बोलू लागेल, आपल्याशी नव्हे.

कारण किती सांगावे, हा प्रश्न उरतो, कारण ते अजिबात न सांगणेही बरे नव्हे. येथे कचेरीतला एक अनुभव कामाचा आहे. अपील मुदतीत दाखल झाले नाही तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशिराचे पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि त्या अर्जाला आपण सारे 'विलंब माफीचा अर्ज' म्हणतो. आपले प्रकरणही शेवटी विलंबाचेच आहे. पूर्वी अशा अर्जांत दर दिवसाच्या उशिराचा हिशेब मागितला जाई आणि पक्षकार पानेच्या पाने भरत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली एका निकालात विचारले, की दर दिवसाचाच का, मग दर तासाचा आणि दर सेकंदाचा हिशेब का नको? हिशेब हवा, पण तो शहाणपणाने पाहावा, असे त्यांचे म्हणणे. आपण आठवड्यानंतर पाठवलेले 'सविस्तर' पत्र हे दर तासाच्या हिशेबाचे पत्र असणार, असा माझा कयास आहे. त्यातले ऑडिटचे एक वाक्य ठेवा, बाकीचे खोडा.

मी लिहिले असते तर असे लिहिले असते. 'त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो नाही. ऑडिटच्या गडबडीत मी विसरून बसलो. सकाळी तुला गाडी बंद पडल्याचे सांगितले, ते खोटे होते. तू टाकी भरून वाट पाहत होतास, हे मला ठाऊक होते. चंपाषष्ठीला आईसमोर मी तुला दोष दिला, तो द्यायला नको होता. मी चुकलो. मला माफ कर.' एवढेच. 'पण' हा शब्द कोठेही येऊ देऊ नका. हे पत्र लिहून झाल्यावर फक्त तेवढ्या एका शब्दासाठी पुन्हा वाचा. 'जर तुझे मन दुखावले असेल तर' हेही नको, ते दुखावले आहे हे आपण मला दोन पाने भरून लिहिले आहे. नुकसानीची भरपाई देऊ केल्याचा उल्लेख या पत्रात करू नका. द्यायची असेल तर खुडणी संपून त्याचा हिशेब लागल्यावर, वेगळ्या दिवशी, समोर बसून विचारा.

पत्र हाताने लिहा आणि स्वतः नेऊन द्या. मोबाइलवर त्याचा फोटो पाठवू नका, कारण त्याच मोबाइलवर त्याच्याकडे आपली बंद पडलेली गाडी अजून जपून ठेवलेली असेल. आणि सवयीने पत्राच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहू नका. व्यापाऱ्याच्या बिलाखाली ते शोभते, कारण तेथे चूक दोन्हीकडून होऊ शकते. या हिशेबात त्याच्याकडून 'घेण्यासारखे' आपले काही निघत नाही.